रात्रभर करंट कोण खातंय? उतरणाऱ्या बॅटरीचा छडा लावूया

नमस्कार मंडळी. हा मीटर बघा. गाडी बंद, चावी माझ्या खिशात, आत एकही दिवा चालू नाही. तरी बॅटरीतून ४२० मिलीअँपिअर करंट जातोय.

गाडी माझ्या मामांची. आठवडाभर पार्किंगला उभी, रविवारी बाहेर. वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या, आता तिसरीही उतरते. मामा म्हणतात, बॅटऱ्याच हलक्या. पण हिशोब करा. ४२० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १० अँपिअर-अवर, आणि बॅटरी ३५ची. साडेतीन दिवसांत रिकामी, सेल्फ त्याच्याही आधी थकणार. वर लेड-ॲसिड बॅटरी अशी पुन्हा पुन्हा तळाला गेली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती चार्ज धरेनाशी होते.

बंद गाडी थोडा करंट घेतेच. घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉकिंग. साधारण २० ते ५० मिलीअँपिअरपर्यंत चालतं.

आधी इंजिन चालू करून बॅटरीवर व्होल्ट मोजले. १४.१. म्हणजे अल्टरनेटर, इंजिनवर चालणारा जनरेटर, बॅटरी चार्ज करतोय. गाडी बंद केली, निगेटिव्ह टर्मिनल १० नंबरच्या पान्याने सोडलं. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, तिचं टोक सुटलेल्या केबलला, काळीचं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला. आता सेल्फ मारायचा नाही, इग्निशनही लावायचं नाही. मीटरचा फ्यूज जाईल.

आणि इथेच बहुतेक जण चुकतात. मीटर जोडला की लगेच दोन-अडीच अँपिअर दिसतात आणि माणूस घाबरतो. अहो, गाडी अजून जागी आहे! आतले कंट्रोलर, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, झोपायला अर्धा तास घेतात, काही गाड्यांत त्याहून जास्त. चहा घेऊन या. फ्यूज बॉक्ससाठी दार उघडं लागतं, म्हणून त्याचं लॅच (दार पकडून ठेवणारा खटका) मी स्क्रूड्रायव्हरने बंद केलंय. गाडीला वाटतं दार लागलंय. नंतर दार लावण्याआधी हँडल ओढून लॅच मोकळं करा, नाहीतर लॅच मोडेल.

अर्ध्या तासाने आकडा ४२०वर थांबला. आता एकेक फ्यूज उपटायचा? मी तसं करत नाही. फ्यूज काढला-घातला की झोपलेला कंट्रोलर उठतो आणि पुन्हा अर्धा तास गेला. दुसरा मीटर मिलीव्होल्टवर ठेवा आणि फ्यूजच्या डोक्यावर जे दोन उघडे ठिपके असतात त्यांना टोकं लावा. करंट वाहत असेल तर तिथे किंचित व्होल्टेज दिसतं. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर १०० मिलीअँपिअरला पाऊण मिलीव्होल्टच्या आसपास.

मी सगळे तपासले. आतले, बोनेटखालचे. कुठेच काही नाही!

मग करंट जातोय कुठे? जो फ्यूज बॉक्समधून जातच नाही, त्या वाटेने. बॅटरीच्या पॉझिटिव्हवर थेट काय काय बसवलंय ते बघा. स्टार्टरची केबल, अल्टरनेटरची केबल (त्याचा डायोड बाद झाला तरी बॅटरी उतरते), आणि ही तिसरी, जाड लाल, कंपनीची नसलेली. ही सीटखालच्या ॲम्प्लिफायरला जाते. तिच्या मधला फ्यूज काढतो. मीटर बघा... ४२०वरून २८!

ॲम्प्लिफायर खराब नाहीये. त्याला जागं करणारी निळी वायर स्टीरिओच्या रिमोट वायरला जोडायची असते, म्हणजे स्टीरिओ चालू असेल तेव्हाच करंट देणाऱ्या वायरला. बसवणाऱ्याने ती कायमच्या पॉझिटिव्हला जोडली, म्हणून तो रात्रंदिवस जागा. गाणी बंद, करंट चालू. दोन बॅटऱ्यांचे पैसे गेले या एका जोडामुळे, आणि मला याचा खरंच राग येतो.

वायर योग्य जागी जोडली, फ्यूज परत घातला. पुन्हा अर्धा तास थांबलो. २९.

मीटरची लाल वायर आता व्होल्टच्या भोकात परत घाला, आत्ताच. अँपिअरच्या भोकात राहिली आणि बॅटरीवर व्होल्ट मोजायला गेलात तर थेट शॉर्ट.

मामा, नवी बॅटरी आणू नका. ही आज रात्री चार्जरला लावतोय. उद्या काढून काही तासांनी मोजतो. १२.६च्या आसपास टिकली तर हीच चालवू.