सासू, सून, दीर आणि बाजार : उझबेक व आर्मेनियन भाषांची तुलना

(दृश्य : ताश्कंदमधील चोर्सू बाजार, निळ्या घुमटाखालील सकाळ.)

उझबेकिस्तानची राजधानी ताश्कंद येथील चोर्सू बाजारात सकाळीच नॉनच्या, म्हणजे गोल, गरम रोट्यांच्या चवडी लागलेल्या असतात आणि प्रत्येक नॉनच्या मधोमध ठशाने टोचून उमटवलेली नक्षी असते. मराठी माणूस येथे क्षणभर थांबला, तर कानावर पडणारे कितीतरी शब्द त्याला ओळखीचे वाटतात. बाजाराला येथे बॉझॉर म्हणतात, किताबाला कितॉब, हवेला हवॉ. आपल्या दप्तराशी नाते सांगणारा दाफ्तार हा शब्द येथे वहीसाठी वापरतात. भाजीच्या गाळ्यावर साब्झी मागितली, तर मात्र हाती गाजरे पडतात, कारण उझबेक भाषेत साब्झी म्हणजे गाजर.

(दृश्य : येरेव्हान, दुकानांच्या पाट्यांवरील आर्मेनियन अक्षरे.)

आर्मेनियाची राजधानी येरेव्हानमध्ये अशी ओळख चटकन पटत नाही. वडिलांना हाय्र, पाचाला हिंग, दोनाला येर्कू म्हणणारी ही भाषा मराठी कानाला अगदीच परकी वाटते. नात्याचा हिशेब मात्र नेमका उलटा आहे. ओळखीचे शब्द बोलणारी उझबेक ही तुर्की भाषाकुलातली, उइगुर भाषेची जवळची बहीण असून, तिचा आणि मराठीचा वंश वेगळा आहे. आणि परकी वाटणारी आर्मेनियन ही संस्कृत, ग्रीक व लॅटिन ज्या इंडो-युरोपीय कुलातल्या, त्याच कुलाची एक स्वतंत्र शाखा आहे.

या नात्याचा पुरावा आपल्या घरातच आहे. प्राचीन आर्मेनियनमध्ये नवऱ्याच्या आईला स्केसुर, मुलाच्या बायकोला नू आणि नवऱ्याच्या भावाला ताय्ग्र म्हणत. संस्कृतात हेच शब्द श्वश्रू, स्नुषा आणि देवृ असे आहेत, आणि मराठीत ते झिजत झिजत सासू, सून आणि दीर झाले. तिन्ही शब्द दोन्ही भाषांना एकाच पूर्वज भाषेकडून वारशाने मिळालेले आहेत, एकीने दुसरीकडून घेतलेले नाहीत. उच्चारांतले बदलही नियमाने झालेले दिसतात : मूळच्या शब्दारंभीच्या प-चा आर्मेनियनमध्ये अनेकदा ह झाला, म्हणून पितृ या शब्दाचा तिथला भाऊबंद हाय्र आहे आणि पंचचा हिंग. येर्कू आणि द्वि हे एकाच मुळातून आले आहेत, हे ऐकताना खरे वाटत नाही. परंतु शब्दारंभीच्या द्व-चा आर्मेनियनमध्ये एर्क होतो, हा नियम फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी दाखवून दिला आणि तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

हे नाते ओळखायला विद्वानांनाही वेळ लागला. पार्थियन या प्राचीन इराणी वंशाच्या आर्शाकुनी राजांनी आर्मेनियावर इसवी सन 428 पर्यंत राज्य केले आणि त्या काळात इराणी शब्दांचा एवढा मोठा भरणा आर्मेनियनमध्ये झाला, की पुढे तिला इराणी भाषांपैकीच एक समजले जाई. जर्मन अभ्यासक हाइनरिश ह्युब्शमान यांनी 1875 साली उसने शब्द आणि मूळचे शब्द वेगळे काढले आणि आर्मेनियन ही स्वतंत्र शाखा असल्याचे सिद्ध केले. आपल्या बाजार या शब्दाची हकीगत या उसनवारीचा उत्तम नमुना आहे. उझबेक आणि मराठीत तो फारसीतून, ब-ने सुरू होणाऱ्या रूपात आला. आर्मेनियनने तोच शब्द आधीच्या इराणी भाषेतून घेतला, त्यामुळे तिथे शब्दारंभीचा जुना व-ध्वनी टिकून राहिला आणि वचार हे रूप रूढ झाले. विकणे या क्रियेला आर्मेनियनमध्ये आजही वचारेल म्हणतात.

(दृश्य : वहीवर सावकाश लिहिला जाणारा एक उझबेक शब्द.)

व्याकरणात मात्र उझबेक आपल्याला पुन्हा जवळची वाटू लागते. मेन कितॉब ओकियापमान, म्हणजे मी पुस्तक वाचत आहे. कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद हा क्रम थेट मराठीचा. शब्द मण्यामागून मणी ओवावा तसा वाढत जातो : कितॉब, कितॉबलार म्हणजे पुस्तके, कितॉबलारिमिझ म्हणजे आमची पुस्तके, कितॉबलारिमिझदान म्हणजे आमच्या पुस्तकांमधून. एवढे प्रत्यय लागूनही मूळ कितॉब जसाच्या तसा राहतो. आर्मेनियनमध्ये शब्दाच्या पोटातच फरक पडतो. हाय्र म्हणजे वडील, तर होर म्हणजे वडिलांचा. मूल या शब्दाचे मुलाला करणाऱ्या मराठी माणसाला ही सवय परकी वाटणार नाही.

लिंगभेद या दोन्ही भाषांत नाही. उझबेकमधला उ आणि आर्मेनियनमधला ना हे शब्द तो आणि ती या दोन्हींचे काम करतात. उच्चारांच्या बाबतीत मात्र आर्मेनियन आपल्याला एक सुखद धक्का देते. चहातला च आणि चाकातला च आपण एकाच अक्षराने लिहितो. आर्मेनियनमध्येही हे दोन्ही ध्वनी आहेत, आणि त्यांना वेगवेगळी अक्षरे आहेत.

(दृश्य : ताश्कंदमधील दोन लिप्यांतील पाट्या.)

लिपीच्या बाबतीत उझबेकच्या वाट्याला आलेला विसावा फार थोडा. कवी अलीशेर नवाई यांनी 1499 साली तुर्की आणि फारसी यांची तुलना करून आपली भाषा कोणाहून उणी नाही असे ठणकावून सांगितले, आणि अंदिजानमध्ये जन्मलेल्या बाबराने आपल्या आठवणी लिहिल्या, त्या याच भाषेत, म्हणजे आजच्या उझबेकची पूर्वज असलेल्या चगताईत, व अरबी लिपीत. सोव्हिएत काळात 1920 च्या दशकाच्या अखेरीस लॅटिन लिपी आली, 1940 मध्ये सिरिलिक आली आणि 1993 च्या कायद्याने पुन्हा नवी लॅटिन. त्यामुळे पणजोबांनी अरबी लिपीत लिहिलेले पत्र घरात जपून ठेवलेले असले, तरी पणतीला ते वाचता येत नाही. लिपी बदलणे हा कागदावरचा निर्णय असतो, पण त्याची किंमत अशी घराघरांत मोजावी लागते.

आर्मेनियन भाषा त्याच सोव्हिएत सत्तेखाली राहिली, तरी तिची लिपी शाबूत राहिली. मेस्रोप माश्तोत्स यांनी 405 च्या सुमारास 36 अक्षरे घडवली, मध्ययुगात त्यांत दोनांची भर पडली, आणि जगभर विखुरलेल्या आर्मेनियन लोकांनी ती आपल्याबरोबर नेली. याच अक्षरांत 1794 साली जगातले पहिले आर्मेनियन नियतकालिक, अझ्दरार, छापले गेले आणि त्याचे छपाईचे ठिकाण होते आपल्याकडचे मद्रास.