चिंगहाओ: काढा की रस?

मंडळी, चैत्रात जोतिबाला आपण दवणा वाहतो. कोल्हापूरकरांना तर आत्ता नुसत्या नावानेच वास आला असेल. त्या दवण्याचं एक चिनी भावंड आहे, चिंगहाओ. दोन्ही आर्टेमिसिया याच प्रजातीतले. तापावर चिंगहाओ चीनमध्ये फार जुन्या काळापासून देतात. आज मला मुख्यतः मलेरियावरच्या औषधांना होणाऱ्या प्रतिरोधाविषयी, म्हणजे परजीवी औषधाला दाद देईनासे होतात त्याविषयी बोलायचं आहे, पण आधी चिनी संशोधक थू यूयू यांची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. जंगलात सैनिक हिवतापाने मरत होते आणि क्लोरोक्विन हे नेहमीचं औषध लागू पडेनासं झालं होतं. उत्तर व्हिएतनामने चीनकडे मदत मागितली. २३ मे १९६७ ला गुप्त प्रकल्प सुरू झाला, त्या तारखेवरून त्याचं नाव ५२३. १९६९ मध्ये बीजिंगच्या पारंपरिक वैद्यक अकादमीतल्या थूबाईंकडे हे काम आलं. सांस्कृतिक क्रांतीचे दिवस, पती खेड्यात पाठवलेले. हिवतापाचे रोगी पाहायला दक्षिण चीनमधल्या हैनान बेटावर जायचं म्हणून मोठी मुलगी पाळणाघरात आणि धाकटी आजी-आजोबांकडे ठेवली. परत आल्यावर पोर आईला ओळखेना. या बाईंकडे डॉक्टरेट नव्हती, परदेशी शिक्षण नव्हतं. त्यांना मिळालेल्या २०१५ च्या नोबेलची बातमी देताना आपल्याकडे 'चिनी जडीबुटीला नोबेल' एवढंच म्हटलं गेलं, याचा मला अजून राग आहे.

कारण नुसत्या जडीबुटीने काहीच झालं नसतं! त्यांनी दोन हजारांवर पाठ, म्हणजे औषधांच्या जुन्या कृती, गोळा केले, शेकडो अर्क उंदरांवर तपासले. चिंगहाओचा गुण एकदा दिसे, पुन्हा करून पाहिलं की नाहीसा होई. मग थूबाई चौथ्या शतकातल्या गे हाँग या चिनी वैद्याच्या पाठाकडे वळल्या. तिथे सांगितलंय: मूठभर चिंगहाओ दोन मापं पाण्यात भिजवा, पिळा, रस पिऊन टाका. उकळा असं कुठेही नाही. इथे बसलेल्या वैद्यांना सांगायला नको, स्वरस (पिळलेला रस), कल्क (वाटण), क्वाथ (काढा), हिम (थंड पाण्यात भिजवून), फांट (गरम पाण्यात भिजवून) या पाच कल्पना, म्हणजे औषध करायच्या रीती, आपणही वेगळ्या मानतो, त्या उगाच नाही. थूबाईंनी ओळखलं की उष्णतेने गुण जातोय. त्यांनी ३५ अंशांच्या आसपास उकळणारा ईथर हा द्रव अर्क काढायला वापरला. ४ ऑक्टोबर १९७१ ला १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांमधले मलेरियाचे सगळे परजीवी मारले. माणसांना देण्याआधी तो अर्क त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्वतः घेतला. माझा आग्रह एवढाच: जुने ग्रंथ वाचताना वनस्पतीइतकंच कृतीकडेही बघा, आणि मग ती कृती तपासा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर प्रतिरोध. चिंगहाओतून निघालेलं औषध म्हणजे आर्टेमिसिनीन. त्याच्या रेणूत पेरॉक्साइडचा, म्हणजे दोन ऑक्सिजन अणूंचा, पूल असतो. परजीवी रक्तातलं हिमोग्लोबिन खातो, त्यातल्या लोहाने हा पूल तुटतो आणि परजीवीच मरतो. पण हे औषध शरीरातून झपाट्याने निघून जातं. एकटं दिलं तर थोडे परजीवी उरतात, म्हणून सोबत जास्त काळ टिकणारं दुसरं औषध देतात. तरीही कंबोडियाच्या पश्चिम भागात प्रतिरोध दिसलाच, आता आफ्रिकेतही दिसतोय. या झाडाचा चहा घरी करून पिणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका करू. पानापानात मात्रा वेगळी असते, आणि अपुऱ्या मात्रेतून वाचलेला परजीवी डासामार्फत शेजारच्या घरी जातो. ताप आला की रक्त तपासून घ्या आणि गोळ्यांचा कोर्स पुरा करा.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताई, बोला.