करवंटी फिरतेय

[दृश्य : मोबाइलचा पडदा, अगदी जवळून. पडद्यावर अंगण, मूल, करवंटी.]

मोबाइलच्या पडद्यावर दिसतंय ते अंगण आणि मोबाइल धरलेला हात, दोन्ही एकाच घरातले. गोव्यातला सत्तरी तालुका, वाळपईच्या पुढे. क्लिप पाच मिनिटांपूर्वीची आहे. घरी येणाऱ्या कार्यकर्तीनं ती काढली आणि आता सोप्यावर मुलाच्या आईशेजारी बसून तीच पुन्हा लावली.

मुलगा साडेचार वर्षांचा आहे. बांबोळीला, मोठ्या हॉस्पिटलात, ऑटिझमचं निदान झालं तेव्हा तो तीनचा होता.

क्लिप नीट बघा. नारळाची अर्धी करवंटी त्यानं शेणानं सारवलेल्या जमिनीवर पालथी ठेवलीय आणि दोन बोटांनी तिला फिरकी दिलीय. ती गरागरा फिरते, कलते, थांबते. तो परत फिरवतो. आई शेजारी येऊन बसते आणि विचारायला लागते. हे काय आहे? सांग ना. करवंटी म्हण. क-र-वं-टी. रंग कोणता? मुलगा करवंटी उचलतो आणि आईकडं पाठ करून बसतो.

आपल्यापैकी कोणीही मुलाशी असंच बोललं असतं. मूल बोलत नाही म्हटल्यावर प्रश्न वाढतात, आणि प्रश्न वाढले की मूल आणखी आक्रसतं.

कार्यकर्ती क्लिप मागे नेते. तिथं थांबत नाही, आणखी मागे नेते. आई नुकतीच येऊन वाकलीय, अजून तोंड उघडलेलं नाही, एवढाच तुकडा ती लावते.

"वहिनी, इथं बघा. इथं तुम्ही काय बोललात?"

"काही नाही."

"आणि त्यानं काय केलं?"

[क्लिप पुन्हा. इथं निवेदन नको. मुलाची मान वळते ते पूर्ण दिसू द्या.]

"बघितलं माझ्याकडं."

"परत लावू?"

"लावा ना, ताई."

त्या तासाभरात हा तुकडा अनेकदा लागला. आम्ही सगळं चित्रित केलंय, दाखवतोय थोडंच.

पालकांना त्यांचीच क्लिप दाखवून शिकवायची ही पद्धत मूळची इंग्लंडातली. मँचेस्टरच्या संशोधकांनी पुढाकार घेऊन ती तपासली, १५२ लहान मुलांवर, आणि २०१० मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तिकडं हे काम वाणी आणि भाषेच्या तज्ज्ञ थेरपिस्ट करतात. आपल्याकडं तालुक्याच्या गावी असा तज्ज्ञ शोधायचा तर दिवस मोडतो. म्हणून गोव्यात एक वेगळा प्रश्न विचारला गेला. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली राहिलेल्या कार्यकर्तीला हे जमेल का?

१९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या 'संगात' या संस्थेनं आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या गटानं मिळून हे करून पाहिलं. दोन्हीकडची मिळून ६५ मुलं, वय दोन ते नऊ. पंधरवड्यातून एक भेट, अशा बारा भेटी. इंग्रजी सूचनापुस्तिका इथल्या घरांना, इथल्या बोलण्याला, इथल्या खेळण्यांना बेतून घेतली. निष्कर्ष 'लॅन्सेट सायकियाट्री'मध्ये प्रसिद्ध झाले. पालक मुलाच्या कलानं जास्त बोलू लागले आणि मुलं आपणहून पालकांकडं जास्त वळू लागली. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याचा वेळ मात्र अपेक्षेच्या उलट घटला. त्यावर पुढं बरंच काम बाकी होतं.

[दृश्य : अंगण, दुसरा दिवस. काजूची बोंडं पसरलेली.]

आता आई काय करते ते बघा. मुलगा बोंडांची रांग लावतोय. आई समोर बसत नाही, बाजूला बसते, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला येऊन. थांबते. तो बोंड ठेवतो, ती म्हणते, "ठेवलं." तो पुढचं ठेवतो, ती म्हणते, "लाल." विचारत काही नाही. तो करतोय त्यालाच ती शब्द देते, एका वेळी एक किंवा दोन, आणि पुन्हा गप्प होते.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. आमच्या कॅमेरामननं जेवणाच्या सुट्टीत प्रयत्न केला आणि त्याच्या तोंडून पहिलंच वाक्य आलं, "अरे, हे काय?"

पुढची पायरी ठरलेल्या खेळाची. रोज तोच खेळ, तेच शब्द, तोच क्रम. आई करवंटी हातात धरते. "एक... दोन..." आणि थांबते. कॅमेऱ्यासमोरचे हे क्षण लांब वाटतात, संकलनात कापायचा मोह होतो. कापलेले नाहीत. मुलगा करवंटीकडं बघतो, आईच्या बोटांकडं बघतो, मग तोंडाकडं.

[इथं आवाज मूळ चित्रणाचाच. "ती!" स्पष्ट ऐकू येतो.]

'तीन' हा शब्द पूर्ण झालेला नाही. करवंटी फिरली, कारण त्यानं मागितली आणि आईला ते कळलं. कार्यकर्तीच्या वहीत त्या दिवशी 'ती' एवढंच लिहिलंय, तारखेसकट.

सातव्या भेटीला आजी मध्ये पडल्या. त्या आधीपासून दाराच्या चौकटीला टेकून सगळं ऐकत होत्या.

"सगळं हिनंच करायचं? चूल हिची, गोठा हिचा, आता हे शिकवणंही हिचंच?"

प्रश्न खरा आहे. आईची होंडा गावच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी निदानानंतर चार महिन्यांत सुटली. रोज अर्धा तास खेळा म्हणणं सोपं असतं, पण तो अर्धा तास कोणाच्या दिवसातून काढायचा? कार्यकर्ती वाद घालत नाही. ती मोबाइल उचलते आणि म्हणते, "आजी, तुम्ही बसा त्याच्याजवळ. मी काढते."

आजींची क्लिप या फिल्ममधली आमची सगळ्यात आवडती. त्या सुपारी सोलताहेत, नातवाकडं बघतसुद्धा नाहीत. तो येतो, सालं उचलतो, एकावर एक रचतो. आजी स्वतःशीच पुटपुटतात, "हां, ठेव. आणखी ठेव." प्रश्न नाही, हुकूम नाही. जे आईला सहा भेटींत जमू लागलं, ते आजी वर्षानुवर्षं करत होत्या आणि कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. क्लिप बघून त्या एवढंच म्हणाल्या, "माझे केस केवढे पांढरे झाले."

त्यानंतर संध्याकाळचा अर्धा तास आजींचा झाला.

बाबा या फिल्ममध्ये नाहीत. आम्ही गेलो त्या प्रत्येक वेळी ते शिफ्टवर होते.

[दृश्य : प्लास्टिकची निळी फाइल, पलंगावर उघडलेली.]

या फाइलशिवाय हे कुटुंब घराबाहेर पडत नाही. वर आहे अपंगत्वाचा दाखला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मान्य अपंगत्वांची यादी सातावरून एकवीसवर नेली, त्यात ऑटिझम आला. दाखल्यावर किमान ४० टक्के लागतात, तेव्हा पुढची दारं उघडतात. त्याखाली युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र. त्याखाली 'निरामय' या केंद्राच्या योजनेचा आरोग्य विमा, वर्षाला एक लाखापर्यंतचा, ज्यात थेरपीचाही खर्च मागता येतो. त्याखाली राज्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे कागद, बँकेचं पासबुक, रहिवासी दाखला, आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स.

प्रत्येक कागदामागे एक फेरी आहे. घरापासून वाळपई, वाळपईहून पणजीची कदंब बस, स्थानकावरून पुन्हा बांबोळीची बस. गर्दी, हॉर्न, कंडक्टरची शिटी. या मुलाला शिटी सहन होत नाही. बसमधलं चित्रण आमच्याकडं नाही. आईनं नको म्हटलं.

म्हणून कोणीतरी दारात येणं ही या घराला मिळालेली सगळ्यात मोठी मदत आहे, असं आम्हाला वाटतं. पैशांची मदत लागतेच, तपासणी हॉस्पिटलातच व्हायला हवी. पण पंधरवड्याला एक तास कोणी सोप्यावर येऊन बसलं, तर बाकीचे दिवस घर स्वतः निभावतं.

[दृश्य : पणजी, पर्पल फेस्ट. मांडवीकाठची रोषणाई, चाकाच्या खुर्च्या, गर्दी.]

जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पहिला पर्पल फेस्ट भरला. दिव्यांगांसाठी एवढा मोठा उत्सव गोव्यानं त्याआधी पाहिला नव्हता. रॅम्प होते, सांकेतिक भाषेचे दुभाषी होते. ही दृश्यं सुंदर आहेत, म्हणून घेतली. सत्तरीतून तिथं पोचायला सकाळी सहाला निघावं लागतं, हेही त्यांच्याबरोबर दाखवायला हवं.

[दृश्य : अंगणवाडी. भिंतीवर फळांची चित्रं.]

बारा भेटी संपल्या. मुलगा आता आठवड्यातून चार दिवस अंगणवाडीत बसतो, साधारण अकरापर्यंत. सात-आठ शब्द आहेत. पाणी मागतो.

आमचा कॅमेरा मात्र अंगणवाडीच्या बाईंवर रेंगाळला. गावात मूल सहा वर्षांचं होईपर्यंत त्याला जवळजवळ रोज बघणारी सरकारी व्यक्ती तीच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं. बाकीचे दिवस बाई असतात. कार्यकर्तीला जे शिकवलं, ते बाईंना शिकवायला काय हरकत आहे? आम्ही हे विचारलं तेव्हा त्यांनी आधी टेबलावरची रजिस्टरं दाखवली. पोषण आहार, वजन-उंची, लसीकरण, सर्वेक्षण. मग म्हणाल्या, "शिकवा. पण यातलं एक रजिस्टर कमी करा."

सध्या त्यांच्या रजिस्टरात एक घडी घातलेला कागद आहे. तो मुलाच्या आईनं लिहून दिलाय. अक्षर गोल, शाई निळी. बाई तो कॅमेऱ्यासमोर वाचतात.

"शिटी वाजवू नका. हात धरून ओढू नका. तो काही करत असेल तर आधी शेजारी बसा. काय करतोय ते बघा, मग एकच शब्द बोला. एक दोन म्हटलं तर तीन म्हणायची घाई करू नका, तो म्हणतो. करवंटी पिशवीत दिलीय."