गादीचं मूल

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

२००४ साली जपानच्या युवराजांच्या घरातून एक चित्रफीत प्रसिद्ध झाली. त्यांची मुलगी आयको तेव्हा तीन वर्षांचीही नव्हती. चित्रफितीत ती आईबाबांबरोबर खेळते, बोलते, बस्स. एरवी अशी चित्रफीत घरातल्या घरात बघायची असते. ही मात्र साऱ्या देशाला दाखवावी लागली, कारण कित्येक दिवस कुजबुज चालली होती : मुलगी बोलत नाही, हसत नाही, तिच्यात काहीतरी कमी आहे. ऑटिझमचं नाव उघड घेतलं जात होतं, आणि घेणाऱ्यांपैकी कुणीही त्या मुलीला तपासलेलं नव्हतं.

मी बालरोगतज्ज्ञ. मूल उशिरा बोलतं म्हणून घाबरून आलेले आईबाप मी आयुष्यभर पाहिले आहेत. ती चित्रफीत पाहून लोक म्हणाले, बरं झालं, तोंडं बंद झाली. मला मात्र वाईट वाटलं. ती चित्रफीत सांगत काय होती? बघा, आमची मुलगी ठीक आहे. आणि ठीक नसती तर? तिला खरोखर ऑटिझम असता, तर ती कुजबुज रास्त ठरली असती का? मला वाटतं, आपण सगळे चुकतो ते इथे. अफवा खोटी आहे हे दाखवलं की अन्याय दूर झाला, असं आपण समजतो. पण मुलाच्या आजाराची कुजबुज खरी असली तरी तितकीच क्रूर असते. किंबहुना जास्त, कारण त्या मुलाकडे दाखवायला चित्रफीतही नसते.

ही कुजबुज गादीच्या मुलांभोवतीच इतकी का माजते? जपानचंच बघू. तिथे गादीवर फक्त पुरुष बसतो, आणि ही हजारो वर्षांची परंपरा म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात जपानमध्ये आठ स्त्रियांनी सम्राटपद भूषवलं आहे. त्यातली शेवटची, गो-साकुरामाची, १७६२ साली गादीवर आली. म्हणजे इथे थोरले माधवराव पेशवे कारभार पाहत होते तेव्हा तिथे एक बाई सम्राट होती. स्त्रियांना दार बंद झालं ते १८८९च्या कायद्याने, आणि युद्धानंतर १९४७ साली नवा कायदा आला तेव्हाही ते बंदच राहिलं.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती नीट लक्षात घ्या. जुन्या व्यवस्थेत राजाला उपस्त्रिया असत. सम्राट मेइजींना पंधरा मुलं झाली, सगळी उपस्त्रियांपासून. त्यातली दहा बालपणीच गेली. मुलग्यांत एकच जगला, योशिहितो, पुढचा सम्राट ताइशो. त्यालाही तान्हेपणी मेंदूज्वर झाला होता. त्या काळात असं मूल वाचलं हेच विशेष, आणि त्याचे परिणाम आयुष्यभर राहिले तर त्यात नवल नाही. पण लोकांनी लक्षात काय ठेवलं? संसदेत भाषणाच्या कागदाची सुरळी करून त्याने म्हणे ती दुर्बिणीसारखी डोळ्याला लावली. ही कहाणी आजही चवीने सांगितली जाते. तान्ह्या बाळाला झालेल्या आजारावर शंभर वर्षं हसणं चालू आहे.

१९४७च्या कायद्याने औरस संततीलाच हक्क ठेवला. उपस्त्रिया गेल्या, हे चांगलंच झालं. पण मुलगाच हवा ही अट तशीच राहिली. पूर्वी जो भार अनेक बायकांवर वाटला जायचा, तो एका सुनेवर आला. आयकोची आई मासाको हार्वर्डला शिकलेली, परराष्ट्र खात्यात काम करणारी. १९९३ साली लग्न झालं. १९९९ साली गर्भ पडला, तोही बातमीदारांच्या गराड्यात. २००१ साली आयको झाली, मुलगी झाली. २००४ साली मासाको यांच्या मानसिक आजाराचं निदान जाहीर झालं, आणि त्याच वर्षी ही चित्रफीत आली. एका घराचं एक वर्ष. मुलगी झाली हा मूळ राग होता, तिच्या तब्येतीची चर्चा हे त्याचं निमित्त होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जपानहून पुण्यात येऊ. इथून शनिवारवाडा लांब नाही. ३० ऑगस्ट १७७३ला तिथे नारायणरावांचा खून झाला. वय अठरा. गंगाबाई गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांना पुरंदरावर नेऊन ठेवलं आणि १८ एप्रिल १७७४ला तिथे सवाई माधवराव जन्मले. चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. पण ते जन्माला येण्याआधीपासून त्याच्याबद्दल बोललं जात होतं. गडावर म्हणे आणखी गरोदर बायका नेऊन ठेवल्या आहेत, मुलगी झाली किंवा मूल गेलं तर बदलायला. मूल नारायणरावांचं नाहीच, असंही राघोबादादांच्या बाजूने म्हटलं गेलं. इंग्लंडमध्ये १६८८ साली राणीला मुलगा झाला तेव्हाही हाच प्रकार झाला होता : मूल बिछाना शेकायच्या भांड्यातून आत आणलं, अशी आवई उठली, आणि राजाला साक्षीदारांच्या जबान्या घ्याव्या लागल्या. तिथे आणि इथे, दोन्हीकडे गादीवर दुसऱ्या कुणाचा तरी डोळा होता. बाळाच्या शरीरावर शंका घेतली की गादीवर शंका घेता येते.

गंगाबाई १७७७ साली गेल्या. मूल तीन वर्षांचं. त्यांच्या चारित्र्याबद्दल जे बोललं गेलं ते मी या व्यासपीठावरून पुन्हा सांगणार नाही, आणि सभागृहातल्या ज्यांना ते माहीत आहे त्यांनीही ते पुढे नेऊ नये अशी माझी विनंती आहे. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये तापाने आजारी असताना वाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडले आणि एकविसाव्या वर्षी गेले. तापात वात झाला की उडी घेतली, यावर आपल्याकडे अजून पैजा लागतात. आणि नारायणरावांचं तर आपण भूत केलं आहे. अमावस्येला आवाज येतो का हे ऐकायला पोरं वाड्याबाहेर जमतात. अठरा वर्षांचा मुलगा जिवाच्या आकांताने पळाला, त्याची आपण करमणूक केली.

पण मला जास्त बोलायचं आहे ते कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांबद्दल, कारण त्या प्रकरणात पुण्याचा हात आहे. राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले. वारस नव्हता. पुढच्या वर्षी जेमतेम आठ वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला गेला. घर तुटलं, नाव बदललं, भोवती शिक्षक आणि अधिकारी आले. तरुण होता होता बोललं जाऊ लागलं : महाराजांना वेड लागलं आहे. राज्यकारभार इंग्रजांच्या आणि दिवाणांच्या हाती होता, त्यामुळे राजा वेडा असणं कुणाला अडचणीचं नव्हतं.

पुण्यात तेव्हा ‘केसरी’ आणि ‘मराठा’ नुकतेच सुरू झाले होते. टिळक आणि आगरकर पंचविशीतले. त्यांनी महाराजांची बाजू घेतली, त्यांचा छळ होतो आहे असं लिहिलं. त्यात दिवाण माधवराव बर्वे यांची म्हणून काही पत्रं हाती आली, त्यांच्या आधाराने मजकूर छापला गेला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रं बनावट निघाली. १८८२ साली दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. सुटून आले तेव्हा त्यांचं केवढं स्वागत झालं, हे आपण शाळेपासून अभिमानाने ऐकत आलो आहोत.

त्यांचा कळवळा खरा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या धैर्यापुढे मी नम्र आहे. पण त्या सगळ्या प्रकरणात मुलगा कुठे होता? एक बाजू म्हणत होती वेडा आहे, दुसरी म्हणत होती वेडा नाही, वेडा ठरवला जातो आहे. वाद पेटला तो खरं की खोटं यावर. डॉक्टर म्हणून मी वेगळा प्रश्न विचारतो. समजा तो खरोखर आजारी होता. मग आजारी तरुणाला अहमदनगरच्या किल्ल्यात पहाऱ्याखाली ठेवायचं? मनाचा आजार म्हणजे मायेचा हक्क संपला, असं कुणी ठरवलं? २५ डिसेंबर १८८३ला पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात महाराज गेले. वय वीस. टिळक-आगरकरांच्या १०१ दिवसांबद्दल पुण्यात कुणीही सांगेल. या वीस वर्षांबद्दल सांगणारे मला फार थोडे भेटले.

गुप्तता हे यावर औषध आहे असं राजघराण्यांना वाटत आलं. रशियाचा युवराज अलेक्सेइ १९०४ साली जन्मला. काही आठवड्यांतच नाळेच्या जागेतून रक्त थांबेना. हिमोफिलिया, आईकडून आलेला. व्हिक्टोरिया राणीच्या वंशातून तो युरोपभर पसरला होता. २००९ साली अवशेषांच्या डीएनए तपासणीत तो बी प्रकारचा होता हेही कळलं. पण त्या काळी घराने आजाराचं नावच कुणाला सांगितलं नाही. १९१२ मध्ये मूल मरणाच्या दारात असताना प्रकृतीची पत्रकं निघाली, त्यातही नाव नाही. रासपुतिन नावाचा साधू राजवाड्यात का येतो याचं खरं उत्तर एका आईची काळजी हे होतं. ते उत्तर लोकांना मिळालं नाही, म्हणून लोकांनी स्वतःच उत्तरं तयार केली. ती काय होती, हे जगाला माहीत आहे.

इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जचा धाकटा मुलगा जॉन. चौथ्या वर्षापासून फिट्स येत. पुढे त्याला सँड्रिंगहॅमच्या आवारातल्या एका शेतघरात दाईबरोबर वेगळं ठेवलं. १९१९च्या जानेवारीत एका मोठ्या फिटनंतर तो गेला, तेरा वर्षांचा. त्याला एपिलेप्सी होती हे लोकांना कळलं ते त्यानंतर.

राजघराण्यांचं कशाला, आपल्या पेठांतलं सांगतो. माझ्या दवाखान्यात काही घरं ठरवून सगळ्यांच्या शेवटी येत. बाहेरची बाकडी रिकामी झाली की कंपाउंडर दार लोटून घ्यायचा. असाच एक सात वर्षांचा मुलगा यायचा, आकडी येणारा. बरोबर आई आणि आजी. केसपेपरवर पूर्ण नाव नको, चिठ्ठी साध्या कागदावर द्या, औषध दुसऱ्या पेठेतल्या मेडिकलमधून आणू. का, तर मुलाच्या आत्याचं लग्न ठरत होतं. आजी दर वेळी म्हणायच्या, “आमच्या घराण्यात असलं काही नाही हो, डॉक्टर.” मुलगा माझ्या टेबलावरच्या वजनकाट्याशी खेळत सगळं ऐकत असायचा. शाळेत कुणाला सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे वर्गात आकडी आली तेव्हा कुणाला काही कळेना. कुणी नाकाला चप्पल लावली, कुणी दातांत चमचा घातला. चमच्याने त्याचा दात तुटला. आकडीने त्याला कधी इजा केली नव्हती. म्हणून इथे थांबून सांगतो : आकडी आली की कुशीवर वळवा, कपडे सैल करा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. कांदा नको, चप्पल नको.

त्या आजी वाईट नव्हत्या. नातवासाठी रात्र रात्र जागायच्या. पण घराण्याचं नाव त्यांच्या सासूने त्यांच्या हाती दिलं होतं आणि ते त्यांना निष्कलंक पुढे द्यायचं होतं. परंपरेची ओढ ती हीच. ती प्रेम करणाऱ्या माणसांकडूनच काम करवून घेते.

ती सैल करता येते. स्वीडनने १९८० साली कायदा बदलला आणि पहिलं मूल, मुलगी असो वा मुलगा, वारस ठरवलं. काही महिन्यांचा युवराज बाजूला झाला, त्याची थोरली बहीण व्हिक्टोरिया वारस झाली. त्याच घरात राजाला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण. सही करताना स्वतःचं नाव चुकलं म्हणून त्याला मठ्ठ म्हटलं गेलं. पुढे राणीने उघड सांगितलं की राजाला आणि दोन मुलांना हा त्रास आहे, आणि ती मुलंही मोठी होऊन त्याबद्दल मोकळेपणी बोलली. त्यानंतर कुजबुजायला उरलं काय?

जपानमध्येही २००५ साली सरकारने नेमलेल्या समितीने मुलींना गादी खुली करावी असं सुचवलं होतं. २००६च्या सुरुवातीला युवराजांच्या धाकट्या भावाच्या पत्नी गरोदर असल्याची बातमी आली आणि विषय बाजूला पडला. सप्टेंबरमध्ये हिसाहितो जन्मला, त्या घराण्यात ४१ वर्षांनी झालेला मुलगा. आयको आज जपानी रेडक्रॉसमध्ये नोकरी करते आणि गादीच्या यादीत नाही. यादीत तिघं आहेत : हिसाहितोचे वडील, तो स्वतः, आणि १९३५ साली जन्मलेले एक काका-आजोबा. २०२५ साली हिसाहितोचा प्रौढत्वाचा समारंभ झाला. आता त्याच्याशी लग्न करणाऱ्या मुलीला मुलगा व्हायला हवा, नाहीतर गादी रिकामी. ती मुलगी कोण असेल ते ठाऊक नाही, पण तिच्या पोटी येणाऱ्या बाळाचं वजन, त्याचं बोलणं, त्याचं चालणं हे सगळं आजच लोकांच्या मालकीचं होऊन बसलं आहे. जपानचा तो कायदा संसदेने केलेला साधा कायदा आहे. संसद तो बदलू शकते, आणि ते मूल जन्माला येण्याआधी बदलू शकते.