माटोळीखाली आजो आणि नात

तयेचा, म्हणजे चवथीच्या आदला दिवस. गणपती उद्या बसायचा, पण गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या या घरात सकाळपासून सगळ्यांच्या नजरा वर आहेत. छताला टांगलेली लाकडी चौकट, अजून रिकामी. गणपतीच्या वर फळाफुलांनी सजायची, हीच माटोळी.

खाली पसरलंय ते काल गोळा केलेलं. नारळाची पेंड म्हणजे घड, सुपारीचं शिपटं म्हणजे घोस, तोरिंग, चिबूड, आंबाडे, कांगण्यांचे घोस. आणि ही लालभडक कवंडाळं, रानवेलीची फळं, खायची नव्हेत, बाप्पापुढे मिरवायची.

पाटावर आजो, ऐंशीच्या घरातले. स्टुलावर नात, २३ वर्षांची. गेल्या चवथीला आजो स्टुलावर होते आणि ती खालून सामान देत होती. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

आजोंचे हात पाहा. कुंभ्याच्या झाडाच्या सालीचा दोर वळताहेत. साल ओली असतानाच वळायची, वाळली की ताठरते. सुतळी चालणार नाही का? आजो नुसतीच मान हलवतात. जड वस्तू आधी बांधायच्या. इकडे नारळाची पेंड, तर समोर तेवढ्याच वजनाचं शिपटं, नाहीतर चौकट कलते. मग फळं, मग घोस. फुलं अगदी शेवटी, कारण ती कोमेजतात.

"बाय, गाठ उलटी पडली."
"आजो, ही तुझीच गाठ!"

(निवेदन थांबते. दोघांचं हसणं.)

हे वाघचवडं, म्हणजे कळलावी. पानाचं टोक जवळून पाहा, कसं वळलंय. या टोकानं शेजारचं झुडूप धरत वेल वर चढते. कंद मात्र विषारी. नातीला हे शाळेत जाण्याआधीच ठाऊक होतं, आजोंच्या खांद्यावर बसून. आजोंना त्यांच्या आजोंनी दाखवलं, १९६१ च्या गोवामुक्तीच्याही आधी, याच रानात.

वाळपईच्या बाजारात हे सगळं विकत मिळतं. घाईच्या घरांना तेच सोयीचं. पण वाट्यावर मांडलेल्या फळाचं झाड कुठलं, हे सांगायला सोबत आजो नसतात.

नातीनं पणजीतली नोकरी सोडली, ते घरात सर्वांत आधी आजोंना कळलं. आईला दोन दिवसांनी.

(दोर वळण्याचा आवाज.)

शेवटचं वाघचवडं खोचून झालं. आजो काठीनं माटोळी हलकेच हलवून बघतात. एकही गाठ सरकत नाही.

"उतर आता," ते म्हणतात, आणि दोन्ही हातांनी स्टूल धरून ठेवतात.