बेली डान्समधला पायंडा

(कोल्हापुरात बेली डान्स शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि कार्यक्रम करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सुरुवात पैशापासूनच करते, कारण आपल्यातली निम्मी भांडणं तिथून सुरू होतात.

कोल्हापुरात हा नाच करणाऱ्या मुली मोजक्या. एकीनं मान्य केलेली गोष्ट दुसरीच्या वाट्याला यायला इथे वर्ष लागत नाही, पुढचा शनिवार पुरतो. आयोजक फोनवर म्हणतो, "मागच्या वेळच्या मॅडम साडेतीन हजारात आल्या होत्या." आता हिशेब मांडा. समजा कार्यक्रम सांगलीत आहे आणि नाच पंधरा मिनिटांचा. गाडी आणि ड्रायव्हर दोन हजार. सोबतची मदतनीस एक हजार. ड्रेस वीस हजारांचा आणि चाळीस कार्यक्रम टिकला, तर एका कार्यक्रमाला पाचशे. तालमीच्या हॉलचं भाडं पाचशे. झाले चार हजार. मेकअपचा दीड तास, प्रवास, जेवणं उरकेपर्यंत थांबणं, हे अजून धरलंच नाही. म्हणजे साडेतीन हजारात गेलेली मुलगी पदरचे पाचशे घालून नाचली. आणि नुकसान तिच्यापुरतं राहिलं नाही, कारण आयोजकाच्या डोक्यात तोच आकडा आता 'कोल्हापूरचा रेट' म्हणून बसला.

समोरच्याचं बजेट खरंच कमी असेल तर काम कमी करा, दर पाडू नका. पंधराऐवजी आठ मिनिटं, दोनऐवजी एकच ड्रेस, मेणबत्त्यांचा किंवा तलवारीचा नाच नाही. नवीन मुलींना वाटतं, आपण शिकाऊ आहोत म्हणून स्वस्तात जावं. माझं मत याच्या बरोबर उलट आहे. पूर्ण बिदागी मागण्याइतकी तयारी नसेल तर अजून सुपारी घेऊच नका, क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात घरच्यांसमोर नाचा. धर्मादाय कार्यक्रमाला एकच प्रश्न विचारायचा: मंडपवाला, आचारी आणि साउंडवाला पैसे घेणार आहेत का? तेही फुकट करत असतील तर आनंदानं जा.

सुपारी ठरली की इसार घ्या आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर सगळं लिहून पाठवा. तारीख, जागा, किती मिनिटं, उरलेली रक्कम कधी, कडी असलेली कपडे बदलायची खोली, नाचायच्या जागेचं माप, आणि अंगाला हात लावायचा नाही, नोटा उधळायच्या नाहीत. हे शेवटचं लिहायला मुली लाजतात. लाजू नका. लिहिलेलं असलं की त्या रात्री वाद घालावा लागत नाही, मेसेज दाखवला की काम होतं.

नोटांबद्दल जरा सविस्तर बोलते. दौलतजादा आपल्या मातीत मुरलेली आहे, वरातीत डोक्यावरून नोट ओवाळणारा काका घरोघरी असतो. पण एकीनं कंबरपट्ट्यात नोट खोचू दिली की पुढच्या कार्यक्रमात नोटेच्या मागून बोटं येतात, आणि ती दुसऱ्याच मुलीच्या अंगावर. म्हणून मदतनिसाच्या हातात सुरुवातीपासून एक ताट द्या. कुणी नोट घेऊन पुढे आला तर एक पाऊल मागे घ्या, हसून तळहातानं ताट दाखवा, नाच थांबवू नका. दुसऱ्यांदा आला तर मदतनीस साउंडवाल्याला खूण करेल आणि संगीत बंद होईल. ही खूण आधी ठरवलेली हवी. ऐनवेळी साउंडवाल्याला काही कळत नाही आणि तो आवाज वाढवतो. डान्स बारमध्ये नोटा उधळायला राज्याच्या २०१६च्या कायद्यानं बंदी केली. सर्वोच्च न्यायालयानं २०१९मध्ये त्यातल्या काही अटी रद्द केल्या, टीप द्यायला मुभा दिली, पण उधळण्यावरची बंदी तशीच ठेवली. आपण तर घरगुती समारंभात आणि रंगमंचावर नाचतो. मग आपली मर्यादा बारपेक्षा सैल का असावी?

वरून घालायचा झगा हाही यातलाच भाग. पुढून उघडणारा, घोट्यापर्यंतचा, आरपार न दिसणारा. डोक्यातून घालायचा नको, केस आणि मेकअप बिघडतात. खोलीतून स्टेजपर्यंत आणि स्टेजवरून थेट खोलीपर्यंत तो अंगावर हवा. ड्रेसवर पाहुण्यांत बसून जेवणारी नर्तकी लोकांच्या लेखी अजून 'चालू कार्यक्रम' असते, आणि त्या गैरसमजाचा त्रास पुढच्या मुलीला होतो.

बदली. ताप आला, पाय मुरगळला, तर मैत्रिणीला पाठवता. बदली गेलेल्या मुलीनं तिथे स्वतःचं कार्ड वाटायचं नाही, नंबर द्यायचा नाही. महिन्यानं त्याच घरातून थेट फोन आला तर "आधी त्यांना विचारा" असं सांगायचं आणि मूळ मुलीला लगेच कळवायचं. काम देणारीनंही आपला वाटा आधी आकड्यात सांगावा. सांगून घेतलेल्या हजार रुपयांबद्दल कुणी कुरकुरत नाही, लपवलेले पाचशे मात्र मैत्री मोडतात. दुसरीचा कार्यक्रम बघायला गेलात तर साध्या कपड्यांत जा, ती स्वतः हात देईपर्यंत उठून नाचू नका, आणि हॉटेलच्या मॅनेजरशी कामाचं बोलणं तर अजिबात नको.

आता श्रेय. नितंबाचा झटका, शिमी म्हणजे अंगाची भराभर थरथर, कंबरेनं काढलेला आठचा आकडा, या हालचाली कुणाच्या मालकीच्या नाहीत. त्यांतून कुणीतरी चार मिनिटांची रचना बांधली की ती तिची. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीत धरली आहे, फक्त ती लिहून किंवा चित्रित करून पक्की केलेली हवी. कार्यशाळेत शिकलेली रचना घरी घोटायला कुणाची हरकत नाही. स्टेजवर करायची तर परवानगी घ्या आणि निवेदकाला रचनाकाराचं नाव द्या. ती पैसे घेऊन शिकवायची असेल तर स्पष्ट परवानगीशिवाय नाही. चार स्टेप बदलून 'माझी रचना' म्हणणं हे सगळ्यात वाईट, कारण बसवणारीला ती पहिल्या आठ मात्रांतच ओळखू येते.

निवेदकाला दोन ओळी तुम्हीच लिहून द्या, नाहीतर तो 'हजारो वर्षांपूर्वीची राजदरबारी कला' असं काहीतरी ठोकून देतो. इजिप्तमध्ये याला रक्स शर्की म्हणतात, म्हणजे पूर्वेकडचा नाच. आज दिसतं ते रंगमंचीय रूप बऱ्याच अंशी विसाव्या शतकातलं आहे. नर्तकी बदिया मसाबनी यांनी १९२६ साली कैरोत काढलेल्या क्लबसारख्या ठिकाणी ते घडलं. नर्तक महमूद रेडा यांनी १९५९मध्ये पथक काढून तिथल्या लोकनृत्यांना रंगमंच दिला. काठीचा सईदी नाच घ्या. त्याच्या मुळाशी वरच्या, म्हणजे दक्षिण इजिप्तमधला पुरुषांचा तहतीब हा काठीचा खेळ आहे, २०१६मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेला. आपल्या मर्दानी खेळातली लाठी कुणी चमचमत्या टू-पीसवर फिरवली तर कोल्हापूरकराला कसं वाटेल? म्हणून सईदी अंगभर गलाबियात, म्हणजे सैल पायघोळ झग्यात करतात. अरबी गाणं निवडताना शब्दांचा अर्थ लावून घ्या. धार्मिक बोल असतील तर ते गाणं सोडा. अंबाबाईच्या आरतीवर आपण पोट उघडं टाकून नाचणार नाही, तेवढीच समज त्यांच्या गाण्यालाही द्या.

क्लासबद्दल थोडक्यात. शिष्या स्वतःचा क्लास काढणार असेल तर तिनं बाईंना आधी तोंडी सांगावं. परवानगी म्हणून नव्हे, त्यांना ते पोस्टरवरून कळू नये म्हणून. जुन्या क्लासच्या ग्रुपवरचे नंबर उचलू नयेत. आणि बाईंनो, "दुसरीकडे शिकायचं नाही" ही अट घालू नका. वस्ताद एक डाव राखून ठेवतो म्हणतात, तो तालमीत शोभतो. इथे गुडघे सैल ठेवायचे, कंबरेची कमान करायची नाही, हे राखून ठेवलंत तर मुलीची पाठ जाते.

रील टाकण्याआधी मागे कोण दिसतंय ते बघा. आपल्यातल्या काही मुलींनी सासरी अजून सांगितलेलं नाही. एका टॅगनं घरात वादळ उठतं. तिनं "काढ" म्हटलं की कारण न विचारता काढायचं. आणि दुसरीच्या ड्रेसवरून "ती तसली नाचते" हे वाक्य आपल्या तोंडून येऊ नये. बाहेरचे आपल्या सगळ्यांनाच ते म्हणतात.

शेवटी स्टेजची फरशी. आपण अनवाणी नाचतो. शिमीत ड्रेसचे मणी तुटतात, ओढणीची सेफ्टीपिन उघडून पडते, मेणबत्त्यांच्या नाचात मेण सांडतं. तुमच्यानंतर येणारीचा पाय त्यावरच पडतो. मेणावर तर ती टाचेवर फिरतानाच घसरते. म्हणून पिशवीत तीन वस्तू ठेवा: छोटा चुंबक, रुंद चिकटपट्टी आणि जुनं एटीएम कार्ड. चुंबकाला लोखंडी पिन चिकटते, काचेचा मणी नाही. मण्यांसाठी चिकटपट्टी उलटी करून हाताला गुंडाळायची आणि फरशीवर थोपटत जायची. मेण गार झाल्यावर कार्डानं खरवडायचं. गरम असताना पुसलं तर ते पसरतं आणि फरशी जास्तच निसरडी होते. दोन नाचांमध्ये निवेदकाकडून दोन मिनिटं मागून घ्या, आणि मोबाइलचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. वरून उजेड टाकला तर मणी दिसत नाहीत, आडव्या उजेडात त्यांची सावली पडते.