बंद दाराआडची शपथ

(दृश्य: गिरगाव. बेकरीच्या फळीवर पावाच्या लाद्या.)

पावाशिवाय मुंबईचं पान हलत नाही. पण १८४९ साली याच शहरात ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाल्ला, तर जात तुम्हाला वाळीत टाकू शकत होती. आणि नेमका तोच पाव खायला घालून परमहंस सभा नव्या सभासदाला आत घेत असे.

सभेचे पुढारी दादोबा पांडुरंग तर्खडकर. होय, मराठीचे व्याकरणकार तेच. जातिभेद पाळणार नाही, अशी शपथ घ्यायची आणि पुरावा म्हणून पावाचा तुकडा तोंडात घालायचा. हे सगळं गुप्तपणे. घरी परतलं की सोवळंओवळं, पंगतीतली ठरलेली जागा, सारं जिथल्या तिथं. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली. नावं फुटली, आणि सभा मोडली.

त्यांना भित्रे म्हणणं आज फार स्वस्त आहे. वाळीत पडलेल्याच्या मुलीचं लग्न अडायचं, घरात मयत झालं तर खांदा द्यायला माणूस मिळायचा नाही. धाक खराच होता. पण जात खोटी आहे हे बुद्धीला पटलं होतं, तरी त्याच जातीनं आपल्याला चांगलं म्हणावं ही ओढ मनातून गेली नव्हती. ती ओढ शाबूत असेल तर पाव पोटात जातो आणि बाकी काही हलत नाही.

(दृश्य: प्रार्थना समाजाचं मंदिर, गिरगाव.)

३१ मार्च १८६७. दादोबांचे धाकटे भाऊ डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानं प्रार्थना समाज उभा राहिला. आता लपवाछपवी नव्हती. उपासना उघड, तीत तुकोबांचे अभंग. १८७४ मध्ये मंदिरही झालं. मात्र घरातली मूर्तिपूजा किंवा जातीचे नियम सोडलेच पाहिजेत, अशी सक्ती सभासदांवर नव्हती. रविवारी निराकार ईश्वर आणि घरी कुलाचार, हे दोन्ही चालून जाई.

महादेव गोविंद रानडे याच समाजाचे. विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते. १८७३ मध्ये त्यांची पत्नी वारली, आणि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. पुढे १८९० मध्ये पुण्यात पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचं प्रकरण, झालं आणि १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्तही घेतलं. चहाच्या पेल्यासाठी! त्यांचा मोठेपणा यानं पुसला जात नाही. त्या मुलीला, रमाबाईंना, घरच्यांचा विरोध सोसून त्यांनी शिकवलं. म्हणजे हा माणूस घरात कच खाणाराही होता आणि घरातच झुंजणाराही.

(दृश्य: परळ.)

विठ्ठल रामजी शिंदे याच प्रार्थना समाजाचे प्रचारक. १९०६ साली त्यांनी मुंबईत निराश्रित साहाय्यकारी मंडळी काढली. परळला अस्पृश्य मुलांची शाळा सुरू झाली, घरची माणसंही कामाला लागली. पाव एकदा खाऊन सुटता येतं. शाळेत मात्र रोज त्याच मुलांसमोर उभं राहावं लागतं.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये लिहिलं की जात ही मनाची एक अवस्था आहे. पण म्हणून लोकांची मनं आपोआप वळतील, अशी वाट पाहत बसण्यातले ते नव्हते. जातीला पवित्र ठरवणाऱ्या शास्त्रांवरची श्रद्धाच उपटा, असं त्यांचं म्हणणं. नागपुरात १९५६ मध्ये लाखोंनी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा उघड्या मैदानावरच्या होत्या.

(दृश्य: उपनगर, नव्या इमारती.)

अस्पृश्यता १९५० पासून राज्यघटनेच्या कलम १७ नं रद्द आहे. हे कलम नसतं तर आजही किती दारं घट्ट बंद राहिली असती, ते विसरू नये. तरी मुंबईत भाड्यानं जागा बघायला निघालात, तर दलाल जात विचारत नाही, आडनाव विचारतो. मग ‘मांसाहार करता का?’ काहींच्या बाबतीत एवढी दोन उत्तरं मिळाली, की सकाळपर्यंत रिकामी असलेली जागा नुकतीच दुसऱ्याला दिलेली असते.